खानदेशात बालआरोग्याचं जाळं कसं बांधायचं: सुरुवात एका थर्मामीटरपासून

धडगाव किंवा मोलगीहून एखादं नवजात बाळ नंदुरबारला रेफर होतं, तेव्हा ते चार-पाच हातांतून जातं. लेबर रूमची सिस्टर, गाडीतले डॉक्टर, बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आजी, शेवटी एसएनसीयूची, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षाची, सिस्टर. प्रत्येक जण आपलं काम करतो, पण पुढच्या हातात बाळ कोणत्या अवस्थेत पोचलं हे मागच्याला कळत नाही. कळलंच तर महिना-दीड महिन्याने, बालमृत्यूच्या बैठकीत. ही खबर वेळेत मागे पोचावी आणि तिच्यावर काहीतरी करता यावं, यासाठी रुग्णालयांचं जाळं बांधायचं असतं. इमारत लागत नाही, नवी भरती लागत नाही. एक प्रश्न, त्याची सगळीकडे सारखी व्याख्या, दर महिन्याला सगळ्यांनी सगळ्यांसमोर मांडलेले आकडे आणि एकाने करून पाहिलेलं दुसऱ्याने उचलणं, एवढंच त्याचं सामान.

हे चालतं का? अमेरिकेत मुलांच्या आतड्यांच्या दाहाच्या आजारासाठी २००७ साली ‘इम्प्रूव्हकेअरनाऊ’ हे जाळं सुरू झालं. पहिल्या काही वर्षांतच त्यातला क्रोन्स हा आजार आटोक्यात असलेल्या मुलांचं प्रमाण ५५ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेलं. त्यासाठी कुठलंही नवं औषध आलेलं नव्हतं. भेटीआधी प्रत्येक मुलाचा कागद तयार ठेवणं, डोस वजनाप्रमाणे बरोबर आहे का ते पाहणं, कोण बरेच दिवस आलं नाही त्याची यादी काढणं, अशी साधी कामं सगळ्या केंद्रांनी सारखी केली. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जवळचं आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी आणि नोंद शिकवली. तिथला नवजात मृत्युदर तीन वर्षांत हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आज आशाताई बाळाच्या घरी ज्या ठरलेल्या भेटी देतात, त्यांचं मूळ त्यात आहे. कमी शिकलेल्या बाईने घेतलेली नोंद, व्याख्या पक्की असेल तर, संशोधनालाही पुरते.

एकच प्रश्न

पहिल्या बैठकीत सगळ्यांना सगळं हवं असतं: कुपोषण, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), कमी वजनाची बाळं, लसीकरण, सर्पदंश. सगळंच महत्त्वाचं आहे, पण सगळं एकदम घेतलं की तिसऱ्या महिन्यात कुणीच आकडे पाठवत नाही. पहिला प्रश्न निवडताना चार गोष्टी पाहा. तो दर आठवड्याला समोर येणारा हवा, मिनिटाभरात मोजता येणारा हवा, सुधारणा आपल्याच हातात हवी आणि आई-बापांनाही तो प्रश्न वाटायला हवा.

या चारही कसोट्यांवर उतरणारा प्रश्न आहे बाळाचं अंग गार पडणं. बाळाचं काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. ३६.० ते ३६.४ म्हणजे गारठा लागायला सुरुवात, ३२ ते ३५.९ म्हणजे मध्यम आणि ३२ च्या खाली म्हणजे तीव्र. गार पडलेलं बाळ अंग गरम ठेवण्यात साखर आणि प्राणवायू जाळून टाकतं. मग रक्तातली साखर घसरते, श्वास बिघडतो, बाळ चोखेनासं होतं. दीड-पावणेदोन किलोच्या बाळाला तर हे सोसण्याची ताकदच नसते.

धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तोरणमाळ आणि डाबच्या पट्ट्यात दवाचं हिम होतं, तेव्हा हा प्रश्न सगळ्यांना पटतो. पण तो फक्त थंडीचा समजू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४४ अंश असताना लेबर रूममध्ये पंखा पूर्ण वेगात आणि कूलर तोंडासमोर असतो. ओल्या बाळाच्या अंगावरचं पाणी उडतं आणि उष्णता घेऊन जातं. म्हणून वर्षभर मोजा.

कोणाला घ्यायचं

सुरुवातीला पाच-सहा संस्था पुरेत: एक वैद्यकीय महाविद्यालय, एक-दोन जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयं आणि त्यांच्याकडे सर्वांत जास्त बाळं पाठवणारी तीन ठिकाणं. कोण जास्त पाठवतं हे एसएनसीयूच्या रजिस्टरमधल्या मागच्या तीन महिन्यांच्या आउटबॉर्न, म्हणजे बाहेर जन्मून आलेल्या बाळांच्या, नोंदींत अर्ध्या तासात सापडतं. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण तिघांनाही पहिल्याच दिवशी ओढू नका. दोन जिल्ह्यांत बसलं की तिसरा.

इथे एक गोष्ट नवख्यांना अडवते. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे (डीएचओ). ग्रामीण रुग्णालय सिव्हिल सर्जनकडे. महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. अंगणवाडी महिला-बालविकासाकडे आणि आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे. एकाच बाळाच्या वाटेवर इतके वेगवेगळे हुकूम. एकाचं पत्र दुसऱ्याला लागू होत नाही. म्हणून सुरुवातीलाच एकपानी सहमतीपत्र करा आणि त्यावर निदान डीएचओ, सिव्हिल सर्जन आणि अधिष्ठाता अशा तीन सह्या घ्या. पत्रात एवढंच लिहा: कोणता आकडा गोळा होईल, तो कोण पाहील, कोण पाहणार नाही, आणि तो कुठल्याही कर्मचाऱ्यावर कारवाईसाठी वापरला जाणार नाही.

शेवटचं वाक्य गाळू नका. ज्या महिन्यात एखाद्या सिस्टरला तिच्या आकड्यावरून ‘कारणे दाखवा’ नोटीस गेली, त्याच्या पुढच्या महिन्यापासून सगळ्या रुग्णालयांत सगळी बाळं ३६.६ ची होतील आणि खरी बाळं गारच राहतील.

प्रत्येक संस्थेतून दोन नावं घ्या, त्यातलं एक सिस्टरचं असू द्या. बंधपत्रावरचे मेडिकल ऑफिसर वर्षभरात जातात, सिस्टरची ड्युटीही वॉर्डावॉर्डांत फिरते. एकाच उत्साही डॉक्टरवर उभं राहिलेलं काम त्याच्या बदलीबरोबर जातं.

आणि दोन पालक घ्या, एसएनसीयूतून बाळ घरी नेलेले. त्यांना मानाची खुर्ची नको, काम द्या: गाडीत काय झालं, कुणी काय सांगितलं, कुठे थांबावं लागलं, हे त्यांच्याकडूनच कळतं. येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी रोख द्या, नाहीतर फक्त शहरातले पालक येतील. बोलणं पावरी, भिली किंवा अहिराणीत होऊ द्या. ‘हायपोथर्मिया’ बैठकीत कुणी उच्चारूच नये. ‘अंग गार पडलं’ हे सगळ्यांना कळतं.

व्याख्या: इथेच निम्मी जाळी फाटतात

व्याख्या अशी लिहून भिंतीवर लावा: ‘बाहेरून आलेल्या प्रत्येक नवजात बाळाचं काखेतलं तापमान, दारात आल्यापासून १५ मिनिटांच्या आत आणि वॉर्मरवर ठेवण्याआधी, डिजिटल थर्मामीटरने.’ (वॉर्मर म्हणजे बाळाला वरून ऊब देणारं यंत्र.) यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे.

‘वॉर्मरवर ठेवण्याआधी’ लिहिलं नाही तर निम्मी सिस्टर मंडळी बाळ वॉर्मरवर ठेवून, कपडे काढून, मग निवांत तापमान घेतील. आकडा छान येईल आणि प्रवासात काय झालं ते कायमचं झाकलं जाईल. बाळाला त्रास असेल, श्वास अडला असेल, तर आधी उपचार. तापमान चुकलं तर रकाना रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका. रिकामे रकाने किती, हाही एक आकडाच आहे.

‘डिजिटल’ का? पाऱ्याचा साधा थर्मामीटर ३५ अंशांपासून सुरू होतो. ३३ अंशांचं बाळ त्यात ३५ चं दिसतं. डिजिटल घेतानाही डब्यावर पाहा, ३२ किंवा त्याखालून वाचणारा घ्या. दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घेता येतो. एका एसएनसीयूला तीन द्या: एक वापरात, एक राखीव, एक ताडून पाहायला. महिन्यातून एकदा तिन्ही थर्मामीटरांची टोकं एकाच कपातल्या कोमट पाण्यात धरा. ०.२ पेक्षा जास्त फरक दाखवणारा बाद. काही थर्मामीटर बटण जास्त वेळ दाबलं की फॅरेनहाइटवर जातात. रजिस्टरमध्ये ९७.७ दिसलं तर ते ३६.५ आहे, चूक समजून खोडू नका, बदलून लिहा.

आकडे खरे आहेत का, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. महिन्याची सगळी तापमानं एका ओळीत मांडा. खरी तापमानं पसरलेली असतात: ३५.८, ३६.३, ३६.९, ३५.१. निम्म्याहून जास्त नोंदी ३६.५ आणि ३६.६ वर गोळा झाल्या असतील, तर लिहिणारा घाबरलेला आहे. तिथे रागावायला नाही, चहा घ्यायला जा.

गाठोडं उघडून पाहा

आता कारण शोधायचं. बैठकीत बसून शोधलं तर ‘नातेवाईक ऐकत नाहीत’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी एसएनसीयूच्या दाराशी उभं राहून दहा बाळं येताना पाहा आणि प्रत्येकाचं गाठोडं थर-थर उघडा.

बाहेर जाड गोधडी किंवा घोंगडी, हाताला गरम आणि कोरडी. तिच्या आत आईचं जुनं पातळ, तेही कोरडं. त्याच्या आत, बाळाच्या अंगाला चिकटलेलं, जन्मल्यावर पुसून घेतलेलं तेच सुती फडकं: पाठीकडून ओलं, मांड्यांपाशी लघवीने भिजलेलं. डोक्यावर टोपडं नाही, केसांत अजून ओल. बाहेरून हात लावणाऱ्या प्रत्येकाला बाळ छान गुंडाळलेलं वाटतं, आणि बाळ मात्र दोन-तीन तास ओल्या कापडात असतं. पायाच्या तळव्याला हाताची मागची बाजू लावा, मग पोटाला. तळवा गार आणि पोट गरम असेल तर गारठा सुरू झालाय. दोन्ही गार असतील तर बाळ खरंच थंड पडलंय. ही तपासणी आशाताईला, गाडीतल्या डॉक्टरला आणि आजीला, तिघांनाही दोन मिनिटांत शिकवता येते.

दहा बाळं पाहिली की कारणांची यादी आपोआप होते: ओलं फडकं बदललं नाही, डोकं उघडं, जन्मल्याबरोबर आंघोळ, लेबर रूमचा पंखा, गाडीची उघडी खिडकी, दारात केसपेपर काढेपर्यंतचा वेळ, आणि बाळ आलं तेव्हा वॉर्मर थंडच. प्रत्येक कारणापुढे काड्या मारा. ज्यापुढे सर्वांत जास्त काड्या, तिथून सुरुवात.

एक बाळ, एक पाळी, एक गाडी

बदल लगेच सगळ्या जिल्ह्याला लागू करणारं परिपत्रक काढू नका. एका रुग्णालयात, एका पाळीत, एका बाळावर करून पाहा. ठरवा, करा, पाहा, सुधारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाने दिल्लीच्या एम्ससोबत सेवेच्या जागीच दर्जा सुधारण्यासाठी जी ‘पीओसीक्यूआय’ पुस्तिका केली, तिच्यातही हीच रीत चार पायऱ्यांत आहे: प्रश्न निवडून गट करा, कारण शोधून मोजा, बदल करून पाहा, टिकवा. कुणीही वाचून लगेच वापरू शकेल अशी ती पुस्तिका आहे.

समजा पहिला बदल ‘दोन कोरडी फडकी’. बाळ येण्याआधी दोन फडकी वॉर्मरखाली गरम ठेवायची, पहिल्याने पुसायचं आणि ते टाकून द्यायचं, दुसऱ्यात गुंडाळायचं, डोक्याला टोपडं. पहिल्याच दिवशी कळेल की रात्रपाळीला दुसरं फडकं सापडतच नाही, धोब्याकडे असतं. म्हणजे अडचण सिस्टरच्या ज्ञानात नव्हती, कपाटात होती. मग गरोदर बाईच्या घरच्यांना आठव्या महिन्यातच सांगायचं: जुन्या सुती साडीची धुऊन उन्हात वाळवलेली चार फडकी पिशवीत असू द्या. हे काम आशाताईचं, आणि ती ते करते.

पुढचा बदल प्रवासाचा. बाळाला मांडीवर नव्हे, छातीशी धरायचं: लंगोट, टोपडं, मोजे सोडून उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं, वरून फडक्याने घट्ट बांधलेलं, मान एका बाजूला वळलेली, नाक-तोंड मोकळं. आईचं सिझर झालं असेल आणि ती मागे राहिली असेल, तर आजी, मावशी, बाप, कुणीही चालतं. सातपुड्यातल्या बायका मूल झोळीत अंगाशी बांधून शेतात जातात, त्यांना हे सांगावं लागत नाही, फक्त दवाखान्यात परवानगी द्यावी लागते. श्वास फार अडलेल्या किंवा झटके येणाऱ्या बाळाला मात्र असं बांधू नका. त्याला गाडीतल्या डॉक्टरच्या नजरेसमोर ठेवा.

तिसरा बदल एका फोनचा. गाडी निघताना पाठवणाऱ्या सिस्टरने घेणाऱ्या सिस्टरला फोन करायचा: वजन, तापमान, निघाल्याची वेळ. वॉर्मर तापायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ या फोनने मिळतो. घाटात रेंज नसते, म्हणून फोन निघतानाच.

आणि उलट बाजूही मोजा. गुंडाळण्याच्या उत्साहात मे महिन्यात ३७.५ च्या वर किती बाळं आली, हा दुसरा आकडा पहिल्याच्या शेजारी ठेवा. बाळ बांधत बसल्यामुळे गाडी उशिरा निघत नाही ना, हा तिसरा.

आलेख आणि महिन्याची बैठक

चौकटीचा कागद पुरतो. आडवे महिने, उभी ३६.५ च्या खाली आलेल्या बाळांची टक्केवारी. मागच्या नोंदी मिळत असतील तर आधी तेवढे बिंदू मांडा, मग सगळ्या बिंदूंचा मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारा आकडा) काढून आडवी रेघ ओढा. सलग सहा बिंदू रेघेच्या एकाच बाजूला पडले (रेघेवरचे मोजू नका) किंवा सलग पाच चढत वा उतरत गेले, तर काहीतरी खरंच बदललंय. एका महिन्याच्या घसरणीवर पेढे वाटू नका, एका महिन्याच्या वाढीवर ओरडूही नका. लहान रुग्णालयात महिन्याला चारच बाळं आली तर एका बाळाने २५ टक्के हलतात. तिथे टक्केवारी सोडा, ‘चारपैकी दोन’ असं लिहा किंवा तीन महिने एकत्र करा.

महिन्याचा फोन-कॉल एक तासाचा. दहा मिनिटं सगळ्यांचे आलेख. अर्धा तास फक्त दोन रुग्णालयांना, एक ज्याचं सुधारलंय आणि एक जे अडलंय. उरलेल्या वेळात प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं: येत्या महिन्यात काय करून पाहणार. लसीकरणाचा किंवा बाजाराचा वार टाळा. तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेटा. धुळे मध्ये पडतं, पण एखादी भेट अक्कलकुव्याला किंवा चोपड्याला ठेवा. मोठ्या रुग्णालयातल्यांनी बाळ जिथून निघतं ती खोली एकदा डोळ्यांनी पाहावी. तिथे वॉर्मरचा एकच प्लग पॉइंट आहे, हे आकड्यांत कधी दिसत नाही.

संशोधनाकडे वळताना

आपल्याच रुग्णालयाची सेवा सुधारण्यासाठी मोजणं वेगळं आणि त्यातून सगळ्यांना लागू होईल असं काही सिद्ध करून छापणं वेगळं. दुसरं करायचं मनात असेल तर नोंदी घ्यायच्या आधीच महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीकडे जा, नंतर मागता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबर सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार लागतो. उपचारांची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी ‘सीटीआरआय’वर, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी करा.

खानदेशात अशा नोंदवहीची सर्वांत मोठी गरज सिकलसेलला आहे. राष्ट्रीय निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, तपासण्या वाढल्या, पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. सोल्युबिलिटी ही पहिली झटपट चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही आणि सहा महिन्यांखालच्या बाळात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून पॉझिटिव्ह प्रत्येकाचं एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी पक्की तपासणी, झाल्याशिवाय ‘एसएस’ (रुग्ण) असं लिहू नका. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबा. वहीत मोजकेच रकाने ठेवा: निदान आणि त्याची पद्धत, जन्मतारीख, वजन, शेवटचा हिमोग्लोबिन, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध हातात आहे का, पाच वर्षांखाली असेल तर पेनिसिलीन, न्यूमोकोकल लस, मागच्या तीन महिन्यांत दाखल झालं का, पुढची तारीख. नाव आणि गाव वेगळ्या वहीत, कुलपात. ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांची सरमिसळ होऊन बातमी गावात गेली तर मुलीचं लग्न अडतं आणि पुढचं घर तपासणीलाच येत नाही.

स्थलांतराचं आधी ठरवा. दिवाळीनंतर नंदुरबारची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे उतरतात आणि होळीला परततात. त्या काळात यादीतली मुलं ‘आली नाहीत’ म्हणून गळतात. दिवाळीआधीच्या भेटीत कुठल्या तालुक्यात जाणार ते विचारा, औषधाचा जास्त दिवसांचा साठा देता येईल का हे रक्त तपासून डॉक्टरांनी ठरवावं, आणि मराठी-गुजराती अशा दोन्ही लिप्यांत निदान लिहिलेलं कार्ड आईच्या हातात द्या. ताप आला किंवा पोटात डावीकडे गोळा लागला तर थांबायचं नाही, हे कार्डावर चित्राने काढा. संपर्कासाठी मुकादमाचा नंबर घेतला तरी त्याला आजार सांगू नका, फक्त ‘दवाखान्याची तारीख आहे’ एवढंच. पुढची तारीख होळीच्या नंतरच्या आठवड्यात द्या. होळीला माणूस गावात असतोच.